निळी डबी, लाल डबी

लगनसराई आली की माझं डोकं फिरतं. त्यात उन्हाचा काही दोष नाही. चंद्रपूरकडे जन्मलेल्या माणसाला ऊन काय करणार? माझं डोकं फिरतं ते शूटिंगवाल्यामुळे. परवा गडचिरोलीला, सासरी, पुतणीच्या लग्नाची तयारी चालली होती. कूलरमध्ये पाणी भरून झालं होतं, आमरस खाऊन सगळे सुस्तावले होते आणि तेवढ्यात तो शूटिंगवाला आला. "काकू, फोर-केमध्ये करू ना? पेनड्राइव्ह देऊ का लिंक पाठवू?" झालं! अविनाश, म्हणजे माझा नवरा, घोरायच्या बेतात होता तो ताडकन उठून बसला. चष्मा पुसला आणि म्हणाला, "फाइल कोणत्या फॉरमॅटमध्ये देता?" तो शब्द ऐकला आणि मी मध्ये पडले. मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही दगडावर कोरून द्या हवं तर, पण आठवड्याच्या आत द्या." शूटिंगवाला हसला. काकू गमतीच्या आहेत असं वाटलं असेल त्याला.

मी गमतीची मुळीच नाही. माझी गंमत दोन हजार सातच्या उन्हाळ्यात जळून गेली. तो उन्हाळा आठवला की आधी वास येतो, कूलरच्या ओल्या वाळ्याचा आणि कोळशाच्या धुळीचा. माझं माहेर माजरीच्या खाण कॉलनीतलं. बाबा खाणीत पंपावर होते. दुपारी ब्लास्टिंग झालं की आमच्या मांडणीवरची भांडी खणखणायची आणि कुणी मान वर करूनसुद्धा पाहायचं नाही. आई अंगणात कुरडया घालायची, त्यावर बाबांचं जुनं धोतर पसरायची, तरी काळी धूळ आत शिरायचीच. आमच्या घरची कुरडई कधी पांढरीशुभ्र झाली नाही. तळली की सगळं सारखंच, असं आई म्हणायची.

त्या वर्षी फेब्रुवारीत माझं लग्न झालं. घाईघाईत झालं, कारण हिवाळ्यात नागपूरच्या डॉक्टरांनी बाबांना काचबिंदू सांगितला होता, आणि तोही फार उशिरा. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंब टाकून सांभाळायची, ती किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही. बाबांना समोरचं दिसायचं, बाजूचं नाही. दाराच्या चौकटीला खांदा लागायचा. पाणी ओतताना ते पेल्यात बोट धरायचे, पाणी बोटाला लागलं की थांबायचे. नागपूरहून परत येताना गाडीतच त्यांनी आईला सांगून टाकलं, "डोळे हायेत तोवर पोरीचं लगन पाहून घेतो." मग काय, अविनाशचं स्थळ आलं आणि एका बैठकीत सगळं पक्कं.

आणि पाहिलं का त्यांनी लग्न? कप्पाळ! मुलीच्या बापाला कधी लग्न पाहायला मिळालंय? हा पाहुणा रुसला, तिकडे भात कमी पडला, त्या आत्याला गाडीवर बसवून द्या. बुद्धवंदना झाली, त्रिशरण-पंचशील झालं, आता हार घालायचे, सगळ्यांच्या मुठीत फुलांच्या पाकळ्या, आणि नेमका माईक बंद पडला. लाइट गेली. बाबा हातातल्या पाकळ्या शर्टाच्या खिशात कोंबून जनरेटरकडे धावले. ते परत आले तेव्हा लोक जेवणाच्या रांगेत उभे होते. संध्याकाळी मी निघाले तेव्हा अंधार पडला होता आणि अंधारात तर त्यांना काहीच दिसायचं नाही. "लगन पाह्यचं राह्यलं माह्यं," एवढंच म्हणाले. हसत म्हणाले, पण म्हणाले.

तरी काळजी नव्हती, कारण सिद्धू होता. सिद्धू माझा धाकटा भाऊ, तेव्हा हैदराबादच्या कंपनीत नुकताच लागलेला. त्यानं मित्रांच्या भागीदारीत जुना कॅमेरा घेतला होता, हाय डेफिनेशन. अख्खं लग्न त्यानं स्वतः शूट केलं. "ताई, तुझ्या साडीचा धागा न् धागा दिसेल," म्हणाला. साडी पांढरी, धागेही पांढरे, त्यात दिसायचं काय होतं देव जाणे. त्या छोट्या छोट्या कॅसेटी त्यानं आईच्या ट्रंकेत नीट ठेवल्या आणि तो हैदराबादला गेला. बाबांनी होळीच्या आधीच विचारायला सुरुवात केली, "सिद्धू, लगन कधी दाखवतो?" सिद्धू म्हणाला, "बाबा, जरा थांबा. घाई केली तर पस्तावू."

आता ही थांबण्याची भानगड काय होती ते सांगते. मला ती इतक्यांदा ऐकवली गेली आहे की झोपेतसुद्धा सांगेन. साध्या डीव्हीडीवर हे असलं धागा न् धागा दिसणारं चित्र मावत नाही. त्यासाठी दोन नव्या डिस्क निघाल्या होत्या. एक ब्लू-रे, निळ्या डबीतली. दुसरी एचडी डीव्हीडी, लाल डबीतली. दिसायला दोन्ही आपल्या साध्या सीडीसारख्याच गोल, चकचकीत. पण हिची मशीन तिला चालवायची नाही, तिची मशीन हिला ओळखायची नाही. अर्ध्या सिनेमा कंपन्या या बाजूला, अर्ध्या त्या बाजूला. जो हरेल त्याच्या मशीनचा डबा होणार. सिद्धू निळ्याच्या बाजूनं होता आणि माझं नशीब असं की अविनाश लालच्या.

हे कळलं कधी, तर मे महिन्यात, जावयाला पहिल्यांदा रस खायला बोलावलं तेव्हा. सिद्धूही दोन दिवसांसाठी आला होता. आईनं सकाळपासून खपून सरगुंडे, म्हणजे रसात खायच्या काडीवर वळलेल्या शेवया, केले होते. अविनाशचा तेव्हा चंद्रपूरला कॉम्प्युटर क्लास होता, आणि कॉम्प्युटर क्लास असलेल्या माणसाला सगळ्यातलं सगळं कळतं. पहिली वाटी संपायच्या आत सुरू झालं. सिद्धू म्हणाला, "भाऊजी, ब्लू-रेवर जास्त मावते. वरून कोटिंग पण कडक, रेघोट्या पडत नाईत." अविनाश म्हणाला, "अरे, पण मशीन केवढ्याची? आणि तुमची मशीन अर्धवट आहे, दर वर्षी नवी घ्या. आमची पहिल्या दिवसापासून पूर्ण." आमची! जसा काही त्याच्या आजोबांनी कारखाना काढला होता. सिद्धू म्हणाला, जिंकणार आम्हीच. अविनाश म्हणाला, पाहू. रस ताटात वाळत चालला. आई दारात पातेलं घेऊन उभी, वाढू का नको तिला कळेना. आणि बाबा खाली मान घालून ताटात बोटानं चाचपत सरगुंडे शोधत होते. ते फक्त मी पाहिलं.

असा सगळा मे गेला. एसटीडीचे दर उतरले होते, त्यामुळे भांडण फोनवरही चालायचं. मी शिकवायची ती शाळा जिवतीकडे, उन्हाळ्याची सुट्टी होती म्हणून मी कधी चंद्रपूरला, कधी माजरीला. चंद्रपूरला अविनाशचं ऐकायचं, माजरीला सिद्धूच्या फोनवरचं. दोघांनाही मी एकच सांगायची, "अरे, साध्या सीडीवर टाका आणि द्या बाबांना." त्यावर दोघांचं उत्तर एकच, "क्वालिटी जाते." मी म्हणायची, बाबांना आधीच कमी दिसतं, त्यांना कसली क्वालिटी? तर म्हणे कमी दिसतं म्हणूनच जास्त स्पष्ट पाहिजे. डॉक्टर सांगून थकले की हा दोष चित्राचा नाही, नजरेचा आहे. आणि आमचा टीव्ही कोणता, तर बाबांनी बोनसमधून घेतलेला पोट पुढे आलेला जुना टीव्ही, ज्यावर ना निळी चालली असती ना लाल. त्यावर सिद्धूचं म्हणणं, टीव्हीही नवा घेऊ, पण आधी कोण जिंकतं ते पाहू.

या सगळ्यात ते ब्लूचं प्रकरण झालं. आईला फोनवर पलीकडचं प्रत्येक वाक्य मोठ्यांदा परत म्हणायची सवय. अंगणातल्या बायका कुरडया घालत होत्या, खिडक्या उघड्या होत्या आणि सिद्धूचा फोन आला. आई खच्चून ओरडली, "काय? वंदनाच्या लगनाची ब्लू? ब्लू काढतो म्हणतं? चांगली निघंल म्हणतं?" अंगणातल्या बायकांचे हात कुरडयांवरच थांबले. आमच्याकडे ब्लू म्हटलं की एकच गोष्ट, जी पोट्टे व्हिडिओ पार्लरच्या मागच्या दारानं जाऊन पाहतात. आईलाही तेवढंच ठाऊक. तिनं रिसीव्हर ठेवून आधी खिडकी लावली. "वंदे, तुह्या भावाले भलतीच बुद्धी झाली वं," म्हणाली आणि मटकन खाली बसली.

दुपारपर्यंत गोष्ट कॉलनीभर झाली होती. शेजारच्या रजियाचाची, ज्यांच्या नवऱ्यानं माझे लग्नातले ब्लाउज शिवले, पदर तोंडाशी धरून आत आल्या. "वंदना, बेटा, लोक क्या बोल रहे? जवायानंच काढली म्हणतेत. मी म्हटलं, नाई बा, पोरगा शरीफ हाये, चश्मा लावतो." त्या रडायच्या बेतात होत्या, मला हसावं का भिंतीवर डोकं आपटावं कळेना. मी त्यांना बसवून समजावलं की ही नव्या जातीची सीडी आहे, नावच तसं आहे, त्यात लग्नच आहे, पांढरी साडी नेसलेलं. त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, "मग दुसरं नाव नाई भेटलं का त्याइले?" खरं सांगते, त्या अख्ख्या उन्हाळ्यात त्या डिस्कबद्दल विचारलेला तेवढा एकच शहाणा प्रश्न.

अविनाशला कळलं तेव्हा तो चिडून लाल झाला आणि वरून त्याचाच मुद्दा केला. "लाल डबी घेतली असती तर ही वेळ आली असती का?" आता माणसाची अब्रू चालली आहे आणि हा त्यात फॉरमॅट जिंकतोय! शेवटी बाबा खाटेवरून म्हणाले, "ब्लू म्हणू नोका. निळी म्हणा. आपल्या घरात निळ्याची लाज कधीपासून झाली?" ते ऐकून आईला जरा बरं वाटलं. त्या दिवसापासून घरात निळी डिस्क. फोनवर आईही तेच ओरडायची, निळी, निळी. सिद्धूनं लगेच जाहीर केलं की बाबा आपल्या पार्टीत आले. अविनाशचं तोंड उतरलं. "बाबा, हा झेंड्याचा विषय नाही, टेक्नॉलॉजीचा आहे," म्हणाला. बाबा म्हणाले, "झेंड्याचं म्हणसान जवाईबापू, तं खाणीत अर्धी जिंदगी लाल झेंड्याखाली संप केले मी. माह्यं कोणाशी वाकडं नाई. निळी आणा, लाल आणा. मले लगन दाखवा."

मले लगन दाखवा. किती साधं बोलणं होतं. दोन शिकलेली माणसं, दोघांचाही बाबांवर जीव, खोटं कशाला बोलू, खरंच जीव. सिद्धू दर फोनला थेंब टाकले का विचारायचा. अविनाश त्यांना बस स्टँडवरून हात धरून आणायचा, सख्ख्या मुलासारखा. पण हे तीन शब्द काही त्यांच्या कानात शिरेनात. सिद्धूच्या ऑफिसात निळी डिस्क लिहायचं रायटर येणार होतं, ते येतच होतं. अविनाशचा एक मित्र दुबईहून लालची मशीन आणणार होता, त्याची सुट्टी मंजूर होतच होती. त्या उन्हाळ्यात मला रोज वाटायचं, ट्रंक उघडावी, त्या कॅसेटी काढाव्या आणि दोघांच्या डोक्यात हाणाव्या. मग आईकडे पाहून गप्प बसायची.

ती दुबईची मशीन पुढे आली बरं का, दिवाळीनंतर. आणि त्याच्या पुढच्या फेब्रुवारीत लाल डबीवाल्यांनी हात वर केले, धंदाच बंद केला. सिद्धूचा मला शाळेत फोन, "ताई, जिंकलो आपण!" मी व्हरांड्यात उभी, समोर पोरं पाढे म्हणत होती. मी विचारलं, "आपण म्हणजे कोण रे?" तोवर बाबांना उजेड आहे का अंधार, एवढंच कळत होतं. फोन कट झाला का त्यानं ठेवला, मला ठाऊक नाही. अविनाशनं ती दुबईची मशीन टीव्हीखाली तशीच राहू दिली. आता तिच्यावर मनीप्लांट आहे. आणि निळी तरी कुठे टिकली? सिद्धूनं हौसेनं लिहून आणलेली डिस्क कपाटात आहे, पण ती घालायला आता कुठल्या लॅपटॉपला फटच नसते. तरी गेल्या दिवाळीला दोघं फराळ करता करता त्याच विषयावर आलेच. अविनाश म्हणाला, खरं म्हणजे लालच बरी होती. मी चिवड्याचं ताट उचलून आत नेलं.

पण मी सांगत होते तो जून. पाऊस यायचा होता, नुसता उकाडा. ब्लास्टिंगची धूळ हवेत तशीच लटकून राहायची. शाळा सुरू व्हायची होती. सिद्धू सुट्टीवर माजरीला आला, अविनाश मला न्यायला आला आणि दोघं समोरासमोर बसले. मी मनात म्हटलं, झालं आता. सिद्धूनं गळ्यातला तो कॅमेरा काढून आई शेवटचे मूगवडे घालत होती त्याचं शूटिंग केलं आणि लगेच कॅमेऱ्याचा इवलासा पडदा तिच्याकडे वळवून तिला दाखवलं. आई खुश. "अवो माय, मीच होय!" खाटेवर बसलेल्या बाबांनीही मान वर केली आणि आवाजाच्या दिशेनं हसले.

मी तिथेच थांबले. हातात बाबांच्या थेंबांची बाटली होती. मी विचारलं, "सिद्धू, आत्ता काढलेलं आत्ता दिसतं?" हो म्हणाला. "म्हणजे हा कॅमेरा कॅसेट दाखवतो." हो. "मग हा आपल्या टीव्हीला लागत नाही?" सिद्धूनं अविनाशकडे पाहिलं. अविनाशनं सिद्धूकडे पाहिलं. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं. एकदमच म्हणाले, "लागतो. पण क्वालिटी जाते."

माझ्या तोंडून काय निघालं ते सगळं लिहिण्यासारखं नाही. मी ओरडले. रजियाचाची खिडकीत आल्या एवढी ओरडले. "क्वालिटी जाते! अरे, माणसाचे डोळे जाऊन राह्यले! तुम्हाले दिसून राह्यलं का काही? डिस्क दिसते, कंपन्या दिसतेत, हा बसलेला माणूस दिसत नाई?" एरवी मी शुद्ध बोलते, शाळेत फळ्यावर लिहिते तशी. त्या दिवशी माझी अस्सल माजरी बाहेर आली. रडू येत होतं आणि रागानं रडताही येत नव्हतं. दोघं खाली पाहत होते. आई मूगवड्याचं पीठ हाताला तसंच घेऊन दारात आली. बाबा उठले, भिंतीला हात लावत लावत टीव्हीकडे गेले आणि स्टूल चाचपून त्यावर बसले.

पिवळी, लाल, पांढरी अशा तीन वायरी निघाल्या. कॅमेऱ्याच्या बॅगेतच होत्या, पहिल्या दिवसापासून. अविनाशनं टीव्ही भिंतीपासून सरकवला, सिद्धूनं वायरी खोचल्या, ट्रंकेतून कॅसेट आली. चित्र आलं ते खरखर करत आलं. रंग कडेनं सांडलेले, माझी पांढरी साडी गुलाबी झालेली, लग्न लावणाऱ्या भन्तेजींचा आवाज डब्यातून आल्यासारखा. क्वालिटी खरोखर गेली होती. बाबांनी तोंड काचेच्या इतकं जवळ नेलं की त्यांच्या कपाळावरचे केस काचेकडे ओढले गेले. नजरेचं भोक एवढंसं उरलेलं, त्यामुळे मान हळूहळू हलवत, एकेक तुकडा पाहत होते. पंडाल पाहिला. फुलं पाहिली. मग हार आले. अविनाशचा हार त्याच्याच चष्म्यात अडकला, चष्मा नाकावरून घसरला, आणि पडद्यावरची मी.

"थांबव," बाबा म्हणाले. सिद्धूनं थांबवलं. चित्र थरथरत उभं राहिलं. बाबांनी काचेवर बोट ठेवलं.

"हे तू होय?"

"हो बाबा."

"हासून राह्यली?"

"हो. यांचा चष्मा पडला होता."

"दात दिसून राह्यले तुह्ये," बाबा म्हणाले. बोट तिथून काढलं नाही. "मले वाटलं, तू रडत होती."

"काऊन बाबा?"

"तुले धड इचारलंबी नाई मी. माह्ये डोळे जाऊन राह्यले म्हणून घाई केली अन् दिली तुले काढून. अन् हार घालतेवेळी मी जनरेटरपाशी. पोरगी कोन्या तोंडानं उभी होती, कोणाले इचारू? आईले इचारलं असतं तं ती चांगलंच सांगन. तुले इचारलं असतं तं तूबी चांगलंच सांगशीन. म्हणून पाह्यचं होतं."

कूलर घरघरत होता. बाबा तसेच काचेला टेकून माझा तो चेहरा पाहत राहिले, आधी डोळे, मग नाक, मग परत दात. मी मागे उभी होते, त्यांच्या खांद्याला धरून. मग सिद्धू घसा साफ करून हळूच म्हणाला, "बाबा, पुढं करू? लय बाकी हाये. आणि निळीवर आलं ना, का मग एकदम साफ..."

"नाई," बाबा म्हणाले. "बंद कर. झालं माह्यं पाहून."